फोर-के राहू द्या, आधी टेप वाजू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मराठी गाण्यांच्या जुन्या व्हिडिओ टेप आणि त्यांच्या कामाच्या निविदेतील अटी

महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या गाण्यांचे व्हिडिओ नव्या टीव्हीवर चांगले दिसावेत असा विषय निघाला की कागदावर पहिला शब्द येतो ‘फोर-के’, म्हणजे सुमारे चार हजार बिंदू (पिक्सेल) रुंदीचे चित्र. कोळीगीते, लावण्या, भीमगीते, भारुडे यांचे जे व्हिडिओ ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेपवर चित्रित झाले, त्यांच्या जतनाच्या निविदेतून हा शब्द काढून टाकावा, एवढ्यासाठी हे पत्र.

जून २०१९ मध्ये यूट्यूब आणि युनिव्हर्सल म्युझिकने सुमारे हजार जुने म्युझिक व्हिडिओ नव्याने तयार करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ‘वॅम’ या ब्रिटिश पॉप जोडीच्या ‘लास्ट ख्रिसमस’ची फोर-के प्रत आली. ती तशी निघू शकली, कारण मूळ चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर होते. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये तपशील शिल्लक असतो, तो पुन्हा स्कॅन करता येतो. टेपचे तसे नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्राच्या दृश्य ओळी ५७६, डिजिटल केल्यावर चौकट ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. हेच चित्र मूळ ४:३ आकार राखून फोर-केला नेले तर चौकट २८८० बाय २१६०, बिंदू होतात ६२,२०,८००, बरोबर पंधरा पट. पंधरातले चौदा बिंदू सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

हा अंदाज कुठे चुकतो ते कुठल्याही बटणदाबू अपस्केलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने मोठ्या केलेल्या चित्रात, दिसते. कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. ढोलकीवरची बोटे एकमेकांत विरघळतात. पैठणीच्या बुट्ट्या दर फ्रेमला आकार बदलतात. सर्वांत वाईट गत देवनागरी श्रेयनामावलीची. अनुस्वार गळतात, वेलांट्या काने होतात, आणि वादकाचे नाव, जे दुसरीकडे कुठेच नोंदलेले नसते, ते कायमचे वाचता येईनासे होते. दूरच्या चेहऱ्यांना तर सॉफ्टवेअर सरळ नवा चेहरा देते. कोळणींच्या रांगेत मागे उभी असलेली बाई कोणाची तरी आजी असते, हे त्याला कोण सांगणार?

फिल्मवर चित्रित झालेली गाणी अर्थातच वेगळी. त्यांची निगेटिव्ह सापडली तर फोर-के जरूर मागा, फक्त तुकड्यांची जोडणी (संकलन) मूळ टेपबरहुकूम पुन्हा करावी लागेल हे अंदाजपत्रकात धरा. पण २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत ३६३ कोटी रुपये जाहीर झाले ते चित्रपटांसाठी. टेपवरचे कोळीगीत त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून ही जबाबदारी राज्याची.

काम सुरू करताना पहिली चूक होते ती व्हीसीडीवरून (व्हिडिओ सीडीवरून) संगणकावर उतरवून घेण्याची. बाजारात मिळते ती तीच, स्वस्त आणि सोपी. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८, माहितीचा वेग सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट. टेपवर सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड असतात; फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र. व्हीसीडी करताना बहुधा दर फ्रेममागे एक फील्ड फेकून दिलेले असते. निम्मी हालचाल तिथेच गेली, ती कोणत्याही यंत्राने परत येत नाही. म्हणून निविदेत लिहावे: मूळ बीटाकॅम एसपी (बीटा), यू-मॅटिक किंवा डीव्ही या प्रकारची टेप सापडत नाही याची लेखी खातरजमा झाल्याशिवाय व्हीसीडी हा स्रोत मान्य नाही.

आता टेप. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपचे दोन शत्रू. एक बुरशी. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की ती टेप वेगळ्या पिशवीत, वेगळ्या खोलीत. यंत्रात घालायची नाही. एक बुरसटलेली टेप वाजवली की हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) बीजाणू पुढच्या दहा टेपना लागतात. दुसरा शत्रू म्हणजे चुंबकी थर धरून ठेवणारा डिंक पाणी शोषून चिकट होणे. अशी टेप वाजवताना चिरकते, हेडवर तपकिरी लेप बसतो आणि चित्र मिनिटभरात बर्फासारखे, नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांचे होते. तेव्हा थांबायचे. जोर करून चालवले तर थर सोलून निघतो आणि गाणे त्याच्याबरोबर जाते. उपाय म्हणजे नियंत्रित ओव्हनमध्ये साधारण ५० अंश सेल्सियसला आठ तास, कधी त्याहून बरेच जास्त, आणि मग हळूहळू गार करणे. स्वयंपाकघरातला ओव्हन नको, त्याचे तापमान वर-खाली होते. गुण तात्पुरता असतो, त्यामुळे भाजलेली टेप लगेच उतरवून घ्यावी. ‘पुढच्या तिमाहीत’ चालत नाही. आणि हा इलाज सरसकट सगळ्या टेपना करायचा नसतो.

साठवणीसाठी २० अंशांच्या आत तापमान आणि ४० टक्क्यांच्या आत आर्द्रता हवी. कार्यालयीन वेळेत एसी चालू आणि सहानंतर बंद, ही पद्धत एसी नसण्यापेक्षा वाईट. रोज थंड टेपवर दमट हवा बसते.

खरा खर्च यंत्रांचा आहे. बीटा आणि यू-मॅटिकची नवी यंत्रे मिळत नाहीत. जुनी जमवायची, दोन मोडून एक चालू ठेवायचे, रबरी रोलर आणि पट्टे बदलायचे, हेडची झीज तपासायची. हेड साफ करताना कापसाचा बोळा वापरू नये, धागा अडकून हेड तुटते. मऊ कातड्याची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि घासायचे ते ड्रम (हेड बसवलेला गोल भाग) फिरतो त्या दिशेनेच, उभे कधीच नाही. हे हाताने करणारी माणसे निवृत्त होत आहेत. गोरेगावच्या चित्रनगरीत अशा चार-सहा यंत्रांची खोली आणि या माणसांच्या हाताखाली शिकणारी चार मुले, इतक्यावर सुरुवात होते. तासाभराच्या टेपला तपासणी, सफाई, प्रत्यक्ष वाजवणे आणि नोंद मिळून तीन तास धरा. आठ तासांच्या पाळीत एका यंत्रावर अडीच तासांच्या टेप होतात, वर्षाला २५० दिवस धरले तर सव्वासहाशे तास. यापेक्षा फार जास्त आकडा देणारा ठेकेदार हेड साफ करत नसणार.

उतरवून घेताना मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची वेळ स्थिर करणारे यंत्र, हवाच, नाहीतर उभ्या रेषा लाटांसारख्या डुलतात. बीटाचा सिग्नल कंपोनंट तारांनीच घ्यावा, त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात. सगळे एकाच तारेतून, म्हणजे कंपोझिट, घेतला तर लुगड्याच्या काठावर इंद्रधनुष्य उमटते आणि ते नंतर पूर्ण जात नाही. टेपच्या सुरुवातीला रंगपट्ट्या असतील तर वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप या मापकांवर उजेडाची व रंगाची पातळी आधी बसवावी. दहा बिट, ४:२:२ (रंगाचे नमुने उजेडाच्या निम्मे), बिनदाबाचा (कॉम्प्रेशन नसलेला) संचय म्हणजे तासाला सुमारे १०० जीबी. एफएफव्ही१ या बिननुकसानीच्या पद्धतीत तो साधारण निम्मा होतो. हजार तास बिनदाबाचे ठेवले तरी १०० टीबी, म्हणजे एलटीओ-९ या संगणकी साठवण-टेपच्या सहा टेप. तीन प्रती तीन गावांत ठेवल्या तर अठरा.

ही मूळ प्रत कोणीही ‘सुधारायची’ नाही. सुधारणा फक्त प्रदर्शनाच्या प्रतीवर. तिथे ५० फील्डचे ५० पूर्ण फ्रेम करावेत. २५ वर आणले तर गिरकीतली निम्मी हालचाल मरते. फील्डचा क्रम उलटा लागला तर नर्तिका पुढे-मागे थरथरते. डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, म्हणून गडबड तिथेच जास्त. मोठे करायचेच तर १४४० बाय १०८० पुरे, दोन्ही बाजूंना काळी पट्टी. टीव्ही भरावा म्हणून चित्र वर-खाली कापले तर ५७६ पैकी १४४ ओळी जातात, आणि लावणीत त्या ओळींमध्येच घुंगरू असतात. ताणून भरले तर सगळे तेहेतीस टक्के रुंद.

आवाजाचे एक. चित्रपटगीत २४ फ्रेमच्या फिल्मवरून २५ फ्रेमच्या टेपवर आले असेल तर ते चार टक्के वेगाने पळते. चार मिनिटांचे गाणे साडेनऊ सेकंदांनी आखूड होते आणि पेटीच्या काळी दोन पट्टीतले गाणे काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी लटकते. पेटी घेऊन बसलेल्या माणसाला विचारा. वेग मूळावर आणणे हे दहा मिनिटांचे काम आहे, पण निविदेत लिहिले नाही तर कोणी करत नाही.

हक्कांचा प्रश्न येईलच. कॅसेट कंपन्या बंद पडल्या, मालक सापडत नाहीत. अशा कृतींसाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३१ अ आहे. प्रसिद्धीसाठी त्या वाटेने परवाना मागता येतो. पण त्या कागदांसाठी टेप थांबणार नाहीत, जतन आधी चालू करा.

पैसे देताना ‘प्रति तयार मिनिट’ असा दर ठेवू नये, त्याने ठेकेदार सोप्या टेप निवडतो आणि चिकट टेप ‘खराब’ म्हणून परत करतो. ‘प्रति टेप-तास’ दर ठेवा, चिकट व बुरशीच्या टेपसाठी वेगळा वाढीव दर, आणि परत केलेल्या प्रत्येक टेपचे कारण लेखी.

पहिला आदेश खर्चाचा नसला तरी चालेल. जिल्हा माहिती कार्यालयांमार्फत येत्या पावसाळ्याआधी एक यादी मागवा: टेपचा प्रकार, संख्या, डबीवरचा मजकूर जसाच्या तसा, कोणत्या मजल्यावर ठेवली आहे, भुकटी दिसते का, आणि ढोलकीवर, पेटीवर, मागच्या रांगेत कोण होते ते सांगू शकणारे कोणी गावात आहे का.

आपले,
व्हिडिओ टेप जतनाचे काम करणारे काही तंत्रज्ञ
मुंबई आणि पुणे