भत्ता किती ते नंतर, नोकरी लागल्यावर तो किती कापतात ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेकारांना सरकारी भत्ता द्यावा का असा विषय निघाला, की सरकारने घरबसल्या पैसे दिले तर कामाला कोण जाणार, हे एका बाजूने ठरलेलं, आणि दुसऱ्या बाजूने लगेच युरोप बघा किती देतो तरी लोक कामाला जातातच ना. दोघंही सरकारी मदतीवरच्या एकूण खर्चाचा आकडा तोंडावर फेकून मोकळे. पण त्या आकड्यावरून काय कळतं? फ्रान्स पेन्शन, आरोग्य सगळं धरून जीडीपीच्या जवळपास ३० टक्के खर्च करतो आणि तिथली बेकारी कित्येक वर्षं ८ ते १० टक्क्यांत घुटमळत होती, डेन्मार्कचा खर्चही पाव हिश्शाच्या वर, तरी तिथे कामाच्या वयाच्या चारातले तीन जण कामावर. म्हणून खर्च सोडा, नियम बघा.

डेन्मार्कमध्ये मालकाला माणूस काढणं सोपं आहे म्हणून तो घ्यायलाही घाबरत नाही, काढलेल्याला बेकारी विम्यातून आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतात (वर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या पगारवाल्याला त्या मानाने कमीच), पण बदल्यात जॉब सेंटरच्या मुलाखतींना जावं लागतं, कोर्स सांगितला तर करावा लागतो, आणि हे सगळं २ वर्षंच. आधी ४ होती, २०१० मध्ये कमी केली.

आता ब्रिटन बघा. तिथे युनिव्हर्सल क्रेडिट (बेकारांना आणि कमी कमाईवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्याने काम धरलं की, काहींना ठरावीक कमाईपर्यंत सूट असते ती सोडून, हातात येणाऱ्या प्रत्येक पौंडामागे ६३ पेन्स मदत कापली जायची. म्हणजे १०० पौंड जास्तीचे कमवा आणि घरी न्या ३७, त्यात जायचा यायचा खर्च, मूल लहान असेल तर पाळणाघर! अशा माणसाने जास्तीचे तास नको म्हटलं तर त्याला आळशी म्हणायचं का? त्याने हिशोब केला, आपणही तोच केला असता. २०२१ मध्ये ही कपात ५५ वर आणली.

फिनलंडने तर कापणंच बंद करून बघितलं, २०१७-१८ मध्ये २००० बेकारांना महिना ५६० युरो, नोकरी लागली तरी चालू. लोक घरी बसले नाहीत, उलट दुसऱ्या वर्षी बाकीच्या बेकारांपेक्षा सरासरी ६ दिवस जास्तच काम केलं. ६ दिवस म्हणजे काही क्रांती नव्हे, आणि मधेच तिथले बाकीचे नियम बदलले त्यामुळे सगळं श्रेय याला देता येत नाही, पण आळशीपणाचा बागुलबुवा तरी दिसला नाही.

मदतच कमी करा म्हणणाऱ्यांचा हुकमी पत्ता जर्मनी. तिथे २००५ मध्ये हार्ट्झ सुधारणांनी दीर्घकाळ बेकार असलेल्यांची मदत बरीच आवळली, तेव्हा बेकार ५० लाख होते, दहा वर्षांत जवळपास निम्मे झाले. हे मान्यच करायला हवं. पण त्याच काळात जर्मन निर्यात तेजीत होती, आणि कमी पगाराच्या मिनीजॉबवर भागवणारेही खूप होते, ते कुणी सांगत नाही. अमेरिकेत २०२१ च्या उन्हाळ्यात निम्म्या राज्यांनी बेकारांना मिळणारा आठवड्याचा ३०० डॉलरचा जादा भत्ता मुदतीआधीच थांबवला, आता बघा कसे कामाला लागतात म्हणून. थोडे लागले, बाकीच्यांचे नुसते पैसे गेले.

म्हणून एक विनंती. कुठल्याही देशाच्या भत्त्याची बातमी छापताना रक्कम जरूर द्या, पण काम मिळाल्यावर त्यातलं किती कापतात आणि भत्ता किती महिने चालतो, एवढ्या दोन ओळी सोबत द्या. संपादकीय पानावर जागा नसेल तर चौकटीत टाका, पण टाका.

आपला,
एक नियमित वाचक