टोक तुटलेला चाकू टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघर आवरण्याबद्दल जो मजकूर आला, त्यात ‘टोक तुटलेले चाकू सरळ टाकून द्यावेत’ असा सल्ला होता. मी टूलरूममध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे, आणि हा सल्ला मला मुळीच पटला नाही. चार-पाच मिलिमीटर टोक गेले म्हणून अख्खे पाते बाद होत नाही. शिवाय टाकलेला चाकू जातो कुठे? सकाळच्या कचरागाडीत. तिथे आपल्या पिशव्या हाताने उघडून ओले-सुके वेगळे करणारा माणूस असतो.

टोक मोडते ते बहुधा भलत्या कामाने. करवंटीतून खोबरे उचकटायचे, डब्याचे झाकण उघडायचे, नाहीतर मिक्सरचा स्क्रू फिरवायचा. पाते उभा दाब सोसते. आडवे पिळले, की टोकाशी जिथे पातळ असते तिथे काडकन जाते.

दुरुस्तीत लोकांचे चुकते ते बाजूत. धारेकडून घासून टोक काढायला बसतात. मग टोक पाठीकडे सरकते, पाटावर टेकत नाही, आणि तिथे पाते जाड असल्याने नवी धार पहिल्यापासून काढत बसावे लागते. घासायचे असते पाठीकडून. मार्करने पाठीपासून धारेपर्यंत हलकी गोलाई देत उतरती रेघ मारा आणि रेघेच्या वरचे तेवढे झिजवा. जुनी धार जिथे संपते तिथेच नवे टोक येते. चाकू जरा आखूड दिसतो. दिसू द्या, सांभार (कोथिंबीर) चिरताना त्याने काही अडत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. तो ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. पाठ दगडावर टेकवली की धार वर येते, म्हणून धारेवर जाड कापडाची घडी बसवा आणि मगच दाब द्या. पाणी शिंपडत राहा. दगडावर काळपट चिखल जमायला लागला, की पाते झिजते आहे असे समजा. साध्या स्टेनलेसच्या चाकूला कानसही लागते. कडक पात्यावर मात्र ती नुसती घसरते. शेवटी बारीक बाजूवर धार दोन्हीकडून हलकेच ओढली, की कडेला आलेली बर, म्हणजे लोखंडाची बारीक खरखरीत कोर, निघून जाते. चाचणी कालच्या अंकाच्या कागदावर घ्यावी, आजचा घरात कोणाचा तरी वाचायचा असतो.

आता ग्राइंडरबद्दल, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या घासायच्या चाकाबद्दल. ‘वर्कशॉपात दोन मिनिटांत होते’ म्हणून लोक तिकडे धावतात. ते चाक मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेते. टोकाशी लोखंड इतके पातळ, की उष्णता जायला जागाच नसते. बघता बघता पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग चढतो. निळे पडले म्हणजे तिथले तापमान ३०० अंशांच्या घरात गेले आणि पात्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले. नंतर बादलीत बुडवून ते परत येत नाही. असे टोक मऊ राहते आणि धार धरत नाही. त्यापेक्षा सायकल स्टँडवर चढवून पायडलने चाक फिरवणारा धारवाला बरा. त्याचे चाक सावकाश फिरते, आणि ‘पाठीकडून घे, मधेमधे पाण्यात बुडव’ एवढे सांगितले तर तो ऐकतो. मात्र आमच्या महाल भागात पूर्वी त्याची हाळी जितकी कानावर यायची, तितकी आता येत नाही.

टोक तुटले नसून वाकले असेल, तर हातोडी उचलू नका. लाकडाच्या दोन पट्ट्यांत धरून हळूहळू सरळ करा. तरी कडक पाते मोडू शकते. मोडले, तर वरची रीत आहेच.

पाते मधूनच दुभंगले असेल तर इलाज नाही, ते टाकावेच लागेल. पण तेव्हा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ठळक अक्षरांत ‘चाकू’ लिहून गाडीवाल्याच्या हातात वेगळे द्यावे. पुढच्या पुरवणीत बाकी काही छापायला जागा नसेल, तर निदान एवढे तरी चौकटीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फिटर
महाल, नागपूर