हुतात्मा चौकातल्या त्या दोघांबद्दलही सांगा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

फोर्टात हल्ली शनिवार-रविवारी हेरिटेज वॉकवाले ग्रुप दिसतात, चांगलंच आहे, पण हुतात्मा चौकात आले की सगळा वेळ फ्लोरा फाउंटनवर जातो. रोमन देवता, १८६४ सालचं काम, पोर्टलँडचा दगड, किल्ल्याचा चर्चगेट इथेच कुठेतरी होता वगैरे सगळं सांगतात. आणि बाजूला हुतात्मा स्मारकात मशाल घेऊन उभे असलेले कामगार आणि शेतकरी यांचे पुतळे, त्यांच्यावर एखादं वाक्य आणि पुढे चला. मला याचा खरंच त्रास होतो.

कारंजंही सुंदर आहे, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पाणी उडायला लागलं तेव्हा मलाही आनंद झाला. पण २१ नोव्हेंबर १९५५ ला याच कारंज्यापाशी, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधानसभेकडे निघालेला मोर्चा पोलिसांनी अडवला, लाठ्या, अश्रुधूर आणि मग थेट गोळीबार, एका दिवसात १५ माणसं गेली. पुढे १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करायची घोषणा केली आणि शहर पेटलं, पुन्हा गोळीबार, आणि फक्त मुंबईत नाही, १७ जानेवारीला बेळगावातही माणसं पडली, तिथली मराठी माणसं तो दिवस आजही पाळतात आणि त्यांना तर महाराष्ट्र अजून मिळालेलाच नाही. शंभराहून जास्त जीव गेले तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला.

आणि तिथे पुतळा कोणाचा उभारला बघा. चळवळीत एवढे मोठमोठे पुढारी होते, पण त्यांच्यातला एकही नाही. एक कामगार, एक शेतकरी. कारण मुंबई गिरण्यांमधल्या माणसांनी चालवली आणि ती माणसं आली होती कोकणातून, घाटावरून, शेती मागे ठेवून. मुंबई महाराष्ट्राची का, याचं उत्तर त्या दोघांच्या एकत्र उभं राहण्यातच आहे, माझ्या मते तरी यापेक्षा चांगलं कोणी सांगितलेलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. स्मारकापाशी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येईल असा मोठ्या अक्षरातला मराठी फलक लावा, प्रत्येक हुतात्म्याचं नाव, गाव, काम काय करायचा, कुठे आणि कोणत्या तारखेला गेला, जेवढं सरकारी कागदपत्रांत सापडेल तेवढं. आणि वॉक नेणाऱ्यांनो, तिथे दहा मिनिटं थांबा आणि निदान चार नावं तरी मोठ्याने वाचा.

– एक वाचक, गिरगाव