महिन्यातून दोन तासिका अंगणातल्या विज्ञानाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत यंदा आठवी पूर्ण करते आहे. तिच्या विज्ञानाच्या बाई दर महिन्याला एक प्रयोग वर्गाबाहेर घेतात. त्यात वेळ जातो आणि धडे मागे पडतात, अशी तक्रार काही पालकांनी एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत केली, आणि पुढील वर्षी हे प्रयोग बंद करण्याची भाषा सुरू झाली. दिवाळीपूर्वी मीही बाईंना तेच बोललो होतो. मुलीची वर्षभराची वही वाचल्यावर माझे मत पूर्ण बदलले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शाळेच्या अंगणात जमिनीवर बरोबर एक मीटर राहील अशी बांबूची काठी ओळंबा धरून रोवली आहे. दर महिन्याच्या २१-२२ तारखेला दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची, हा वर्षभर चालणारा प्रयोग. वहीत जून आणि जुलैच्या रकान्यात आकडा नाही, नुसते ‘ढग’ असे लिहिले आहे. अंदाजाने आकडा भरायचा नाही, असे बाईंनी बजावले होते. पुढे मुलांच्या ध्यानात आले की घड्याळात बारा वाजून गेले तरी सावली आखूड होतच राहते. डिसेंबरमध्ये ती साडेबाराच्या सुमारास सर्वांत आखूड झाली. कारण शोधताना नकाशा उघडला गेला: आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आपण साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटे धरली तर आठ अंशांची बत्तीस मिनिटे होतात. बाराच्या ठोक्याला सूर्य माथ्यावर येतो, असे मी शेतात आयुष्य काढूनही समजत आलो होतो.

२२ डिसेंबरला सावली ८१ सेंटिमीटर भरली आणि २१ मार्चला २८. या २८ वरून मुलांनी कागदावर त्रिकोण काढला, कोनमापक लावला आणि साडेपंधरा अंशांहून किंचित अधिक कोन मिळाला. त्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून तोच आपल्या गावाचा अक्षांश! जूनमध्ये आभाळ उघडे असते तर भरदुपारची सावली दक्षिणेला पडली असती आणि १४ सेंटिमीटरच्या आसपास भरली असती, हे मुलीने मला चुलीपुढे बसून आकृती काढून समजावले. हे तिला कोणी पाठ करायला दिले नव्हते.

इतर प्रयोगही असेच हाताशी असलेल्या वस्तूंचे होते. एकदा घरची तांबडी माती आणि अथणीच्या पाहुण्यांकडून आणलेली काळी माती कापलेल्या बाटल्यांत भरून दोन्हींवर सारखेच पाणी ओतले. तांबडीतून ते भराभर खाली आले, काळीने धरून ठेवले. भाताच्या आणि उसाच्या पाण्याची चर्चा त्या दिवशी आमच्या घरात रात्रीपर्यंत चालली.

याच आवारात कन्नड शाळा भरते. सावली मोजायला तिकडची मुलेही येऊ लागली, तेव्हा बाईंनी ‘सावली’, ‘नेरळु’ आणि ‘शॅडो’ हे तिन्ही शब्द वहीत लिहून घेतले. आपल्या मुलांना दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते आणि त्या धास्तीने हुशार मुलेही दुसरीकडे वळतात, हे सीमाभागातील प्रत्येक पालक जाणतो. मातृभाषेत, स्वतःच्या हाताने मोजून जे पक्के झाले आहे, त्याला नवा शब्द लावणे तुलनेने सोपे जाते, असे मला मनापासून वाटते.

गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की महिन्यातून सलग दोन तासिका या कामासाठी वेळापत्रकातच द्याव्यात, म्हणजे शिक्षकांना त्या चोरून घ्याव्या लागणार नाहीत. मोजपट्टी, तापमापक, पर्जन्यमापक एवढ्या साहित्याचा खर्च शाळेने करावा. सध्या तो बाई स्वतःच्या पगारातून करतात. आमच्या शाळेतील पालकांनीही निर्णय घेण्यापूर्वी आपल्या पाल्याची वही एकदा उघडून पाहावी. सुट्टीत काठी काढून ठेवण्याचे घाटत आहे; ती तशीच राहू द्यावी, कारण मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य खरोखर माथ्यावर येतो आणि त्या दुपारी काठीची सावली नाहीशी होते. ते पाहायला मुले सुट्टीतही येणार आहेत.

आपला,
एक पालक, खानापूर तालुका, जि. बेळगाव