नॉर्थलीचच्या वाटेवर भेटलेल्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. इंग्लंडमधल्या तुमच्या नॉर्थलीच गावाच्या अलीकडची ती अरुंद वाट, लाकडी फाटक, तुमचा काळा-पांढरा कुत्रा आणि चिखलाने भरलेले तुमचे हिरवे बूट, एवढ्याच खुणा आमच्याकडे आहेत. पत्र मराठीत लिहितेय ते आईसाठी. तुमचा हात धरून ती तीनदा ‘थँक्यू’ म्हणाली आणि गाडीत बसल्यावर तिचे डोळे भरून आले. “एवढं केलं त्यांनी, आणि मला बोलता आलं ते एवढंच,” म्हणाली. तिच्या मनातलं तिच्याच भाषेत लिहून ठेवतेय.

देशाबाहेरचा आमचा तो पहिलाच दिवस. सकाळी हीथ्रोला उतरून गाडी भाड्याने घेतली. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, म्हणून ह्यांना धीर होता, आणि मोटरवेवर खरंच काही अडलं नाही. मोठा रस्ता सोडला आणि सगळंच बदललं. दोन्ही बाजूंना गाडीच्या टपाहून उंच झुडपांची कुंपणं, मधे एका गाडीपुरता डांबराचा पट्टा. समोरून ट्रॅक्टर आला. गाडी मागे घेताना डावं चाक गवताखालच्या चरात उतरलं. रात्रभराचं जागरण, फोनला रेंज नाही. त्यात माझी आठ वर्षांची लेक घाबरून दार उघडून उतरली ती थेट नेटलच्या, अंगाला लागताच आग करणाऱ्या झुडपात. बघता बघता तिच्या पोटऱ्यांवर पांढऱ्या गांध्या उठल्या.

तिचं रडणं ऐकून तुम्ही फाटकातून आलात. गाडीकडे बघितलंही नाहीत. आधी रस्त्यावर गुडघे टेकून बसलात, चराच्या कडेचं एक रुंद पान खुडलंत, रस सुटेपर्यंत तळहातावर चुरगळलंत आणि तिच्या पायांवर हळूहळू चोळत राहिलात. ‘डॉक, डॉक’ असं नाव तिच्याकडून म्हणवून घेतलंत. तिचे हुंदके थांबले. आईने ते पान हातात घेतलं, वास घेतला, टोक चावून बघितलं आणि म्हणाली, “अगं, हा तर आपल्या चुक्याचा भाऊ!” मी नंतर शोधलं. आईचं बरोबर होतं. डॉक आणि आपला आंबट चुका दोन्ही रुमेक्स, एकाच घराण्यातले. घरापासून इतक्या लांब, पहिल्याच दिवशी, आईला तिथलं काहीतरी ओळखीचं वाटलं ते त्या पानामुळे.

ट्रॅक्टरवाल्या दादांनी पट्टा लावून गाडी ओढून काढली, त्यांचेही आभार. पण नंतर गाडीपुढे चालत, हाताने खुणा करत वळणापर्यंत तुम्ही नेलंत. रस्त्याची रुंद केलेली जागा दाखवून ह्यांना शिकवलंत: ही जागा आपल्या डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर समोरच थांबायचं आणि येणाऱ्याला तिच्यात शिरू द्यायचं. पुढचे नऊ दिवस ह्यांनी तसंच केलं आणि एकदाही अडकलो नाही.

आई मात्र तुमच्या शेताच्या बांधापाशीच रेंगाळली होती. मधाच्या रंगाचे चुनखडीचे दगड, एकावर एक नुसते रचलेले, कुठे चुना नाही की सिमेंट नाही. वर पुस्तकं लावावीत तशी उभ्या दगडांची ओळ. “हा आपला गडगाच की गं,” ती म्हणाली. राजापूरला आमच्या परसाभोवती असाच गडगा आहे, दगड तेवढे जांभ्याचे. पावसाळ्यानंतर ढासळलेला भाग तिने स्वतः कितीदा रचलाय. एक दगड सैल दिसला तशी ती थबकली. तुम्ही मान हलवलीत, आणि दोघींनी मिळून तो नीट बसवलात. शब्द एकही नाही. मला त्या दिवसातलं सर्वांत जास्त तेच आठवतं.

निघताना तुम्ही फाटकाकडे बोट करून सांगितलंत, शेतातून जाणारी ती पायवाट सगळ्यांची आहे, खुशाल या, फक्त फाटक मागे लावून घ्या. जून महिना, नऊ वाजले तरी लख्ख उजेड होता. त्या पायवाटेने आम्ही चर्चच्या मनोऱ्याच्या दिशेने चालत गेलो. मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यांनी पंधराव्या शतकात ते चर्च नव्याने उभारलं, हे आत गेल्यावर कळलं. व्यापाऱ्यांच्या पितळी प्रतिमांच्या पायाशी मेंढ्याही कोरल्या आहेत, लेकीने त्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो होतो. तुम्ही दिसला नाहीत. फाटकाच्या कडीला शेंगदाण्याच्या चिक्कीची पिशवी बांधून ठेवली, आत आईच्या हातची चिठ्ठी. ती तुम्हाला वाचता आली नसेल. तिच्यात लिहिलं होतं: “राजापूरला या. आमचा गडगा दाखवते, चुक्याची भाजी करते.”

तुमच्या,
राजापूरच्या मायलेकी