पाणी लागलं का?

पुणे, रविवार रात्र

ती. आप्पा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर कोयनेकडच्या गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी मारलेल्या बोअरचं सांगायला लागले आणि आप्पांनी मधेच विचारलं, "पाणी लागलं का?" मी हसले आणि तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा लावला तर आई म्हणाली, आप्पा आडवे झालेत आणि कानाचं मशीन काढून ठेवलंय. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आईला वाचून दाखवताना भिंग शोधत बसायला नको.

आप्पा, हसायला नको होतं. का ते पुढे सांगते.

गेल्या रविवारी आमच्या इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये कोयनेच्या भूकंपांवर व्याख्यान होतं. फलकावर पाटण तालुक्याचं नाव दिसलं म्हणून गेले, नाहीतर रविवारची दुपार मी झोपेशिवाय कुणाला देत नाही. बोलणाऱ्यांनी सुरुवातीलाच दोन दगड श्रोत्यांत फिरवायला दिले. बोअर मारताना दगडाचा उभा दांडा कापून काढतात, त्याचे तुकडे. हातात घेतला तर थेट वरवंटा, तसाच गुळगुळीत आणि तसाच जड. पहिला काळा, आपल्या परड्याच्या गडग्यातला असावा असा. त्यात बारीक बारीक भोकं आणि भोकांत साबुदाण्यासारखे पांढरे खडे. दुसरा राखाडी, जरा गुलाबी झाक असलेला, आणि खिडकीकडे धरून फिरवला की अभ्रक चमकायचं. पहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, ज्यानं आपला सगळा सह्याद्री रचला. दुसरा त्याच्याखालचा ग्रॅनाइट, अडीचशे ते दोनशे सत्तर कोटी वर्षं जुना. शेजारच्या काकूंनी तो घेऊन नमस्कार केला आणि पुढे दिला. मला ते आवडलं.

शास्त्रज्ञांनी कोयनेकडच्या रासाटीला बोअर घेतली तेव्हा साधारण ९३० मीटरपर्यंत काळा दगडच लागत राहिला आणि मग एकदम ग्रॅनाइट. मध्ये वाळू नाही, गाळ नाही. अशा सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या बोअरी कोयना-वारणा भागात ठिकठिकाणी मारल्या आणि बहुतेकींच्या तळाशी भूकंप टिपणारी यंत्रं सोडली. वर जमिनीवर ट्रक जातो, वारा सुटतो, म्हशी चालतात, त्या गोंधळात बारीक थरथर हरवून जाते. खाली ग्रॅनाइटात शांतता असते. तुमच्या-आमच्या पायाला कधीच कळणार नाहीत असे हादरे तिथं कळतात, आणि नेमके कुठून आले तेही पूर्वीपेक्षा नीट कळतं. हा सगळा कारभार कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे तिथून चालतो. आपण ओगलेवाडीच्या बाजूला इतक्यांदा गेलो, कधी मान वळवून पाहिलं नाही.

मग गोठणे. तिथली बोअर २०१७ मध्ये पुरी झाली, खोली ३ किलोमीटर. आप्पा, फुटांत सांगायचं तर ९ हजार ८०० च्या वर. आपल्या वरच्या रानातली ३१० फुटांवर कोरडी गेली आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, त्या हिशेबानं बघा. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा दगड, बाकी सगळा ग्रॅनाइट. आता ६ किलोमीटरपर्यंत जायचं ठरतंय, कारण आपल्याकडचे भूकंप फार खोल नसतात, बरेचसे दहा किलोमीटरच्या आतच उपजतात. म्हणजे जिथं दगड सरकतो तिथंच यंत्र नेऊन ठेवायचं. हे सोपं नाही. रशियात १९७० साली एक बोअर सुरू केली, ती १२ किलोमीटर २६२ मीटरपर्यंत नेली आणि शेवटी सोडून दिली. खाली उष्णता १८० अंशांवर गेली होती, दगड लगद्यासारखा वागायला लागला होता.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो आप्पा, पाणी लागलं. तीन किलोमीटर खाली, ग्रॅनाइटच्या चिरांमधून. आणि तपासलं तर ते पावसाचं निघालं. वरून पडलेलं, झिरपत झिरपत तिथवर पोचलेलं.

हे ऐकलं आणि मला २००० सालचे गणपती आठवले. पाच सप्टेंबरचा भूकंप. मी कराडला अकरावी सायन्सला होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मखराची झालर हलली, फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींवर आपटल्या आणि आई आधी गॅस बंद करायला धावली. नंतर सगळे अंगणात बसलो असताना आजी म्हणाली, "धरणाचं पानी भुईच्या पोटात गेलंय, तिला पोटशूळ उठलाय." तुम्ही मान डोलावलीत. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या देखत मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. पुस्तकातल्या भूपट्टांचं चित्र आणून दाखवलं आणि म्हटलं, भूकंप असा होतो, अडाण्यासारखं बोलू नका. आजी हसली होती. तुम्ही उठून गोठ्याकडे गेलात.

आजीला आता सांगता येत नाही. तुम्हाला सांगते.

आजीचा पुरावा साधा होता. ती म्हणायची, १९६२ साली पाणी अडवायला लागले आणि त्यानंतर भुई गुरगुरायला लागली, त्याआधी तिच्या सासूनंही असलं ऐकलं नव्हतं. शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा बोट ठेवलं तेही नेमकं याच गोष्टीवर. हादरे वाढायला लागले म्हणून धरणाच्या आसपास यंत्रं बसवली गेली. मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ते मी तुम्हाला काय सांगायचं. सव्वाचार वाजून गेले होते, बैलांनी दावी तोडली, आणि तेरा वर्षांचे तुम्ही धाकट्या आत्याला गोधडीसकट उचलून बाहेर पळालात. पुढचा महिना सगळं गाव उसाच्या पाचटाच्या खोपटात थंडीत झोपलं. व्याख्यानात एका ओळीत होतं: तीव्रता ६.३, मृत्यू सुमारे १८०, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली, धरणाच्या भिंतीला तडे, वीज बंद पडून मुंबईचे कारखाने थांबले. धरणाच्या तळ्यामुळे झालेल्या भूकंपांत जगात आजवरचा सगळ्यात मोठा हाच धरतात.

तेव्हा जगभर वाद होता. चीन, झांबियाच्या सीमेवरचं करिबा, ग्रीस, तिन्हीकडे मोठी तळी भरल्यावर सहाच्या वरचे भूकंप झाले होते, तरी पुष्कळ मोठी माणसं योगायोग म्हणत होती. अमेरिकेत डेन्व्हरजवळ तर धरणही नव्हतं. १९६२ पासून लष्कराच्या एका कारखान्याचं विषारी सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडायचे. जमीन हलायला लागली. १९६६ मध्ये पाणी बंद केलं, आणि तिथले मोठे हादरे बसले ते १९६७ मध्ये, म्हणजे पाणी थांबल्यावर, आपल्याच वर्षी.

पाणी थांबल्यावर का, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आपला ओढ्याकडचा बांध आठवा. धो-धो पाऊस चालू असतो तेव्हा तो उभा असतो. उघडीप मिळते, तुम्ही म्हणता आता वाचला, आणि दोन दिवसांनी खचतो. बांधाचं वजन काही एका रात्रीत दुप्पट झालेलं नसतं. पाणी आत मुरतं, मातीच्या कणांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून रेटतं, आणि त्यांची पकड सुटते. २०२१ च्या जुलैत आंबेघर-मिरगावला डोंगर आला तोही पाण्यानंच. खाली ग्रॅनाइटातही हेच चालतं. तिथं चिरा आहेत, दोन्ही बाजू एकमेकींवर प्रचंड दाबानं घट्ट बसलेल्या, घर्षणावर तग धरून. तळं भरलं की पाण्याचा दाब चिरांतून खाली सरकत जातो आणि दोन्ही बाजूंना जरासा रेटतो. पकड ढिली झाली की सरकलंच.

तुम्ही म्हणता तसं तळ्यातल्या पाण्याच्या ओझ्यानंही थोडं होतं, पण आप्पा, नुसतं ओझंच कारण असतं तर उजनी आणि जायकवाडीही अशाच हलत राहिल्या असत्या. मी तेव्हा नाचवलेलं ते भूपट्टांचं चित्रही खोटं नव्हतं. भारताचा सगळा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय, हिमालयात घुसतोय, त्याचा ताण आपल्या खालच्या दगडात साठलेला आहे. गोठण्याच्या बोअरीतून तेच दिसलं, की तिथला दगड अगदी काठावर उभा आहे, थोडा धक्काही पुरे. पाणी तेवढाच धक्का देतं. मी अर्धं बरोबर होते आणि आजी उरलेलं अर्धं. फक्त माझ्या अर्ध्याबरोबर उर्मटपणा होता.

आई, हे तुझ्यासाठी. व्याख्यानानंतर एका बाईंनी तू नेहमी विचारतेस तेच विचारलं, की एवढी यंत्रं खाली सोडलीत तर आधी सांगतील का. नाही सांगत. किती तारखेला, किती वाजता, हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही. तळं किती वेगानं भरतंय, पाणी किती उंच गेलंय आणि तसंच किती दिवस टिकलंय, यावरून कुठल्या महिन्यांत जास्त जपायचं एवढं कळतं. पावसाळा संपता संपता एकदा हादरे वाढतात आणि पुढे थंडीत पुन्हा. मग मला तुझं कॅलेंडर आठवलं. दुधाच्या खुणांच्या शेजारी, सिलिंडर आल्याच्या तारखेखाली, तू बारीक "ह" काढतेस, हादरा बसला की. दिवाळीत मी गंमत म्हणून तीन वर्षांच्या पानांचे फोटो काढले होते. परवा रात्री मोबाईलवर मोठे करून बघितले, तर तुझे बहुतेक "ह" पितृपंधरवड्यापासून संक्रांतीपर्यंतच आहेत. तीन वर्षांच्या खुणांना कुणी शास्त्र म्हणणार नाही, पण मी बराच वेळ जागी होते.

दुसरीकडच्या धरणांत काही वर्षांनी हे थांबतं म्हणे. आपल्याकडे साठ वर्षं झाली, पाचाच्या वरचेच वीसहून जास्त झाले, तरी चालू आहे. तळं दर वर्षी भरतं आणि रिकामं होतं, त्यात १९८५ पासून वारणेचंही भरायला लागलं. तरी सगळे भूकंप त्याच तीसेक किलोमीटर लांब, वीसेक किलोमीटर रुंद पट्ट्यात. आपलं घर त्या पट्ट्याच्या नक्की आत की कडेला, हे मी नकाशावर बघितलं नाही. बघायचं होतं, धीर झाला नाही.

अजून एक, तुला आवडेल असं. त्या दीड किलोमीटर खालच्या दगडांत खरगपूरच्या आयआयटीतल्या लोकांना जिवाणू सापडले. ऊन नाही, हवा नाही, दगडातल्या हायड्रोजनवर आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारे. तुझ्या विरजणाचे लांबचे भाऊबंदच म्हणायचे. मी हे माझ्या धाकट्या लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आजीला सांग, त्यांच्यासाठी पण नैवेद्य ठेवेल.

पुण्याला येऊन राहा, हे या पत्रात लिहिणार नव्हते आणि लिहीत नाही. एवढं मात्र करा. कॉटच्या डोक्यावरच्या फळीवरून ती पितळेची मोठी परात आणि बरण्या खाली उतरवा. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेला दोरी बांधा. रात्री दाराची खालची कडी लावू नका, आप्पांना वाकून काढायला वेळ लागतो. आणि जुनी कॅलेंडरं रद्दीवाल्याला देऊ नकोस, आई. ट्रंकेत १९९० पासूनची आहेत असं तू एकदा म्हणाली होतीस.

आप्पा, मधल्या खोलीतल्या भेगेच्या टोकाला तुम्ही पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घालता, तिची शेवटची तारीख कुठली आहे ते फोनवर सांगा. भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर बोटानं मोजून किती, तेही. पुढच्या शनिवारी मी सकाळच्या एसटीनं येते. कॅलेंडरं आणि भिंत दोन्ही आपण वहीत उतरवून काढू. त्या व्याख्यानवाल्यांचा पत्ता मी मागून घेतलाय.

तुमची,
ताई