कोणता अंगठा? – रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ठाण्यातला लहान मुलांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, जुलाब-उलट्यांनी मलूल झालेलं १४ महिन्यांचं पोर. एवढ्यावरून तुम्हाला कळेल. मी त्याची आत्या.

"हा कोणत्या हाताचा अंगठा चोखतो?" सुई हातात घ्यायच्या आधी तुम्ही विचारलंत. वहिनी म्हणाली, उजव्या. मग तुम्ही डाव्या हातावर शीर शोधायला घेतलीत. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं! मीही याच कामातली, म्हणून सांगते. सुई लावलेला हात हलू नये म्हणून फळीला बांधतात. चोखायचा अंगठाच तिथे अडकला की पोराची स्वतःला शांत करायची सोयच जाते. मग ते रात्रभर हात आपटतं, दातांनी चिकटपट्टी ओढतं. शिरेतली पिवळी २४ नंबरची नळी केसभर सरकली तरी पुरे, सलाईन शिरेऐवजी मांसात उतरतं, हात टम्म फुगतो आणि पहाटे पुन्हा टोचाटोची. अंगातलं पाणी गेलेल्या पोराची शीर दुसऱ्यांदा सहज सापडतही नाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही दुसरीकडे होतो. नाव राहू दे. तिथे चारदा टोचलं, आईला दाराबाहेर काढलं, वर "रडू दे, छाती मोकळी होते" हे ज्ञान. वजन तोंडी घेतलं. "बारा असेल ना?" घाबरलेल्या वहिनीनं मान डोलावली, कागदावर बारा चढले. तुमच्या काट्यावर लंगोट काढून भरलं ९.४ किलो. मुलांची औषधं किलोवर चालतात. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर ९.४ किलोला १४१ होतं, बाराला १८०. तापाच्या औषधात एखाद्या वेळी हे खपून जातं. तीच चूक अमिकासिनसारख्या अँटिबायोटिकमध्ये झाली तर मूत्रपिंडाला नाहीतर कानाला भोवू शकते, आणि पाणी कमी झालेल्या पोराला जास्तच. शिवाय आजचं वजनच खोटं असेल तर उद्या किती पाणी भरून आलं ते कशावरून ठरवायचं? काटा तिथेही होता, कोपऱ्यात. त्यावर फायलींचा गठ्ठा होता.

अंगातल्या पाण्याची तूट भरून निघाल्यावर तुम्ही सलाईन रोजच्या गरजेवर आणलंत. १० किलोपर्यंत किलोला १०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ९४०, तासाला ३९. बारीक थेंबाच्या संचात ६० थेंबांचा १ मिलिलिटर होतो, त्यामुळे मिनिटाला थेंबही ३९च. हे पाठ सगळ्यांनाच असतं. तुम्ही मात्र घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलंत, आणि बाटलीखालच्या मापाच्या नळकांड्यात दोन तासांपुरतंच सलाईन सोडलंत. थेंब कमी-जास्त करायची चाकी ढिली पडली तरी अख्खी बाटली पोराच्या अंगात जायला नको, म्हणून. फळी बांधताना बोटांची टोकं उघडी ठेवलीत. दर तासाला बॅटरीचा उजेड हातावर धरून दोन्ही मनगटं चाचपून बघायचात, एक दुसऱ्यापेक्षा जाड लागतंय का, गार लागतंय का. पोर जागं झालं नाही.

खरं तर तुम्ही फार गोड बोलतही नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना "बिस्कीट देऊ नका म्हटलं ना!" असं चांगलंच झापलंत. गोड बोलणारे आम्हाला आदल्या संध्याकाळी भेटले होते, बिलाच्या खिडकीवर. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक वॉर्डात एखाद-दुसरी असतात आणि त्यांच्या जिवावर वॉर्ड चालतो. पाळी संपली की ती निमूट ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून घणसोली-कोपरखैरण्याला घरी जातात. त्यांची पोरं तोवर शाळेत गेलेली असतात.

पहाटे लंगोट जड लागला. जुलाब थांबले होते, होती ती नुसती लघवी. तुम्ही तो काट्यावर ठेवलात, कोऱ्या लंगोटाचं वजन वजा केलंत, ग्रॅमला मिलिलिटर धरून वहीत आकडा लिहिलात आणि वहिनीकडे वळून म्हणालात, "सत्तर. छान." उजवा अंगठा तोंडात घालून तो झोपलेला होता. दोन दिवसांत वहिनी पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली.

तुमची आभारी,
खिडकीजवळच्या पोराची आत्या